तिनं बटणाला हात लावला नव्हता

बदलापूरजवळच्या एका गावात एका बाईबद्दल आजही सांगितलं जातं की ती ओल्या हातानं पाण्याच्या मोटारीच्या बटणाशी गेली आणि शॉक लागून मेली. नव्या सुनांना ही गोष्ट ऐकवतात. नळाजवळ खेळणाऱ्या पोरांना दटावतानाही हीच ऐकवतात. गोष्ट खोटी आहे. ती मी रचली होती, आणि त्या घराचं वायरिंगही मीच केलं होतं.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. कारखाना बंद पडल्यावर घरांची कामं घेऊ लागलो. तेव्हा बदलापूरकडे शेतजमिनी विकल्या जात होत्या आणि कौलारू घरं पाडून स्लॅबचे बंगले उभे राहत होते. त्यातलाच हा एक. घरात म्हातारी आई, दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि त्यांची शाळेत जाणारी एकुलती मुलगी. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. थोरल्याचा विटांचा धंदा होता आणि घराचं सगळं तोच बघायचा.

प्लॅस्टर होण्याआधी मी प्रत्येक खोलीत खडूनं खुणा करत फिरायचो. पंखा कुठं, दिवा कुठं, कोणत्या भिंतीत पाईप जाणार. बहुतेक घरांत पुरुष म्हणायचे, तुम्हाला वाटेल तिथं मारा. इथं थोरल्याची बायको माझ्यामागून खोल्याखोल्यांतून आली. मिक्सर कुठं लागेल, इस्त्री कुठं, रात्री उठल्यावर कोणतं बटण हाताला यायला हवं, हे तिनं सांगितलं. मोटारीचं बटण मी बाहेर अंगणाच्या भिंतीवर देणार होतो. ती म्हणाली, "काका, तिथं पाऊस मारतो. आत द्या, सैपाकघराच्या दारामागं. कोरडं राहील."

मला पटलं. मोटार लावायचं बटण आत घेतलं. बाहेर मोटारीजवळ फक्त एक छोटी पेटी ठेवली, कधी दुरुस्ती निघाली तर लाइन तोडायला. तिच्यातलं बटण एकदा चालू केलं की त्याला रोज हात लावायचं कारण नव्हतं. हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

दिव्यांच्या लाइनी वेगळ्या, गिझर आणि मोटारीच्या वेगळ्या, प्रत्येकीला आपापला एमसीबी. लोड जास्त झाला की एमसीबी पडतो आणि तार जळत नाही. पण एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवेलच असं नाही. माणसासाठी ईएलसीबी लागतो. घरात गेलेला करंट तेवढाच परत येतो का, यावर त्याचं लक्ष असतं. थोडासा जरी दुसऱ्या वाटेनं, म्हणजे कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. मी तो आणायला उल्हासनगरला माझ्या नेहमीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकत खोका काढला आणि म्हणाला, "काका, ये किसके लिए? गाँव में तो सब डायरेक्ट मारते हैं." मी म्हणालो, "मैं नहीं मारता." दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

फुटलेला करंट जमिनीत उतरावा म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा खणला आणि त्यात कोळसा आणि मीठ भरलं. म्हातारीचं माहेर खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं. ती ओट्यावरून बघत होती. "आमचे आज्याचा जनम मिठागरान गेला, न् तू मीठ जमिनीन पुरतंस? लोनच्याला ठेव थोडा." सगळे हसले. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं, नाहीतर जमीन सुकते आणि अर्थिंग नावालाच राहतं, हे मी थोरल्याला सांगितलं. त्याच्या बायकोलाही सांगितलं. ती ओतायची.

त्या घराचं काम मी आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी होतं.

पहिल्याच पावसाळ्यापासून ईएलसीबी पडू लागला. भिंत ओली झाली, एखाद्या बोर्डात ओल गेली, की खट. पाणी भरता भरता मोटार बंद, मालिका चालू असताना टीव्ही बंद. मी जाऊन शोधायचो, बोर्ड सुकवायचो. म्हातारी शिव्या घालायची आणि थोरला ऐकून घ्यायचा.

मग धाकट्याचं लग्न निघालं. लग्नासाठी अंगणात नव्या लाद्या बसवल्या. अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण त्या लाद्यांखाली गेलं. मला कुणी विचारलं नाही, आणि गेल्यावर दिसलं तेव्हा मीही काही बोललो नाही. आमंत्रित म्हणून आलो होतो.

हळदीचा दिवस. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. डीजेवाल्यानं स्वतःचा जनरेटर आणला होता, पण मांडवाची रोषणाई, हॅलोजन, स्वैपाकाच्या जागेचे दिवे, सगळं घराच्या लाइनीवर. मांडववाल्याच्या तारा ठिकठिकाणी जोडलेल्या, जोडांना चिकटपट्टी, आणि त्या भांडी घासल्याच्या पाण्यातून गेलेल्या. अंधार पडला, दिवे लागले आणि ईएलसीबी पडला. वर केला, पडला. नाचणारे थांबले. कुणीतरी ओरडलं, "लाइटवाल्याला पयले जेवाला घाला, मंग लाइट टिकल." परत हशा. मी त्या हशात उभा होतो.

थोरला मला हाताला धरून आत मेन पेटीशी घेऊन गेला. "काका, अख्खा गाव बाहेर हाय. इज्जत जातेय. ते तुमचा खटका काडून टाका."

ईएलसीबी काय सांगत होता ते मला कळत होतं. मांडवाच्या तारेतून करंट ओल्या जमिनीत जात होता. ती तार काढून दुसरी टाकायला हवी होती. त्याला वेळ लागला असता, आणि तोवर मांडव अंधारात. मी पेटी उघडली आणि ईएलसीबीच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या तारा एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे करंट त्याला टाळून जाणार. डायरेक्ट. ईएलसीबी पेटीत होता तसाच ठेवला, दांडी वर. बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथं दिसलं असतं. दिवे लागले. माझ्या नावानं शिट्ट्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेऊन गेलो. मी गेलो होतो, हेही नोंदवतो. पेटीखालच्या भिंतीशी देवक बसवलं होतं. म्हातारी म्हणाली, "देवक उठल्याबिगर त्या भिंतीला हात लावाचा नाय." मला बरं वाटलं. लग्न झालं, देवक उठलं, मांडव उतरला, आणि मी पुन्हा गेलो. या वेळी थोरला म्हणाला, "राहू द्या ना काका. पयल्यांदा घरान शांतता हाय. ना मोटार बंद पडत, ना आयशीच्या शिव्या." मी म्हणालो, हे धोक्याचं आहे. तो म्हणाला, बाकीच्या गावात कुठं आहे हा खटका? मी चहा प्यालो आणि निघालो. दारात त्याची बायको भेटली. तिला मी काहीच सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती मला बदलापूरच्या बाजारात भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "काका, अंगणातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. आत्या म्हणतात, तुला भास होतो. यांना सांगितलं तर म्हणतात, काकांना विचार."

त्या नळाला मोटारीकडून लोखंडी पाईप आला होता. मुंग्या येतात म्हणजे मोटारीच्या आतला करंट तिच्या लोखंडी बॉडीवर आलाय आणि तो पाईपातून नळापर्यंत पोचतोय. अर्थिंग लाद्यांखाली सुकलंय. आणि ईएलसीबी मी झोपवलाय. हे सगळं मला तिथंच, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी, लख्ख कळलं.

"चप्पल घालून पाणी भर," मी म्हणालो. "येतो मी."

"कधी येता?"

"येतो ना गं."

मी गेलो नाही. दोन कामं चालू होती, एवढंच कारण. त्या घरात नळाला मुंग्या येतात हे फक्त तिच्या ध्यानात आलं होतं. ज्याला उपाय ठाऊक होता त्याला तिनं ते सांगितलंही होतं. आणि गाव तिला निष्काळजी म्हणतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती दुपारी पाणी भरताना गेली. तिचा हात नळावर होता. थोरल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला घरी जेवत होतो. स्कूटर काढून गेलो. तिला धाकटा रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला होता, आणि तिथून ती गेल्याचा निरोप आला होता. म्हातारी आणि ती पोर शेजाऱ्यांकडे होत्या. ओट्यावर बायका बसलेल्या. थोरला आत पेटीसमोर उभा होता. रडत नव्हता. म्हणाला, "काका, पोलीस येतील. पेटी बघतील."

त्यानं मला सांगितलं नाही की काय कर. मीही विचारलं नाही. त्यानं टॉर्च धरला आणि मी जोड काढून तारा पुन्हा ईएलसीबीतून घेतल्या. मग अंगणात जाऊन मोटारीजवळच्या छोट्या पेटीच्या झाकणाचा एक स्क्रू काढला आणि झाकण लोंबतं ठेवलं. स्क्रू खिशात घातला.

तपासायला जे साहेब आले त्यांनी ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबलं. तो लगेच पडला. ते म्हणाले, "हा तर चांगला आहे. मग बाई गेली तेव्हा का नाही पडला?"

याचं उत्तर फक्त इलेक्ट्रिशियनच देऊ शकतो, आणि मी ते दिलं. माणसाची बोटं एकाच वेळी करंट आणणाऱ्या फेजला आणि परत नेणाऱ्या न्यूट्रलला लागली तर गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो. मग ईएलसीबीला काही चुकल्यासारखं वाटत नाही आणि तो पडत नाही. हे खरं आहे, कुठल्याही पुस्तकात मिळेल. मग मी लोंबतं झाकण दाखवलं. "झाकण तुटलेलं होतं साहेब. ओल्या हातानं बटणाशी गेली, बोटं आत गेली असणार." साहेबांनी मान हलवली. बाजूला शेजारची माणसं उभी होती, त्यांनीही ऐकलं. संध्याकाळी स्मशानात लोक ते एकमेकांना सांगत होते.

पुढच्या आठवड्यात मी मोटार बदलून दिली, लाद्या फोडून अर्थिंगचा खड्डा उघडला, लोखंडी पाईपाच्या जागी प्लास्टिकचा टाकला. सगळं अगदी नीट केलं.

पंधरा-सोळा वर्षं गेली. मी कामं सोडली. यंदा त्या बाईच्या मुलीनं माझ्या घराची बेल वाजवली. तिचं लग्न झालंय, कडेवर बाळ आहे. बदलापुरात त्यांनी जुनं घर घेतलंय आणि त्याचं सगळं वायरिंग नव्यानं करायचं होतं. "काका, तुम्ही स्वतः काम करू नका, पण प्लॅन तुम्हीच काढून द्या. बाबा म्हणतात, काकांसारखं काम कुणाचं नाही."

मी कागद पुढे ओढला. ती म्हणाली, सगळी बटणं उंच हवीत, आणि मोटारीचं बटण तिच्या हाताला येईल असं कुठंच नको. नवरा लावत जाईल. मी म्हणालो, दिवसभर तू घरात, पाणी तू भरणार. ती म्हणाली, "नको ना काका. आई वेंधळी होती, माहितीय ना तुम्हाला. माझ्यात पण तेच आहे. सासूबाई पण बोलतात." जाताना पंखा बंद करायला ती उठली. हात कोरडे होते, तरी तिनं ते ओढणीला पुसले. पुन्हा पुसले. मग पदराच्या टोकानं दाबावं तसं ओढणीतून बटण दाबलं.

मी प्लॅन काढला. त्या दिवशी बोललो नाही. बायको हयात असती तर तिला सांगितलं असतं.

बदलापूरच्या घरात खडूच्या खुणा करायला मी गेलो तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो. बाळ चादरीवर झोपलं होतं. मोटारीच्या बटणाची खूण कुठं करायची, इथं मी अडलो. तिला म्हणालो, बस. आणि सांगितलं. हळदीपासून स्क्रूपर्यंत, सगळं, याच क्रमानं.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे आईनं बटणाला हातच लावला नव्हता?"

"नाही. ती नळावर होती."

"मोटार मी लावली होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आईनं बाहेरून हाक मारली, मोटार लाव गं. मी दारामागचं बटण दाबलं. स्टुलावर चढून. मला आठवतंय. मग सगळे म्हणायला लागले की आई बटणाशी गेली, बटणाशी गेली. मी आजीला बोलले की बटण तर मी दाबलं. आजीनं थोबाडीत मारली, म्हणाली, असलं काही बोलू नको. मग मला वाटलं मी स्वप्नात बघितलं असेल."

खोटं बोलताना मी त्या मेलेल्या बाईचा विचार केला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण पलीकडच्या घरात एक पोर आहे, तिला खरं काय ते माहीत आहे, आणि आता तिला तिच्याच आठवणीवर विश्वास ठेवता येणार नाही, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. मी तिला म्हणालो, "बटण दाबलंस म्हणून काही झालेलं नाही. ते कुणीही दाबलं असतं. जे व्हायचं ते मी आधीच करून ठेवलं होतं." तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. ती बाळाच्या अंगावरची माशी वारत होती.

मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

मी खडू उचलून भिंतीकडे वळलो.

"काका, उत्तर द्या."

"टॉर्च त्यानं धरला होता."

तिनं बाळाला उचललं. "चला. आजीसमोर सांगा. बाबांसमोर. मला एकटीला सांगून तुम्ही मोकळे होणार असाल तर ते नाही चालणार."

आम्ही रिक्षा करून गावात गेलो. म्हातारी आता पलंगावरच असते, पण कान शाबूत आहेत. थोरला विटांच्या गाडीचा हिशेब फोनवर करत होता, मला बघून हसला, "या काका." मी उभ्यानंच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. तो मध्येच म्हणाला, "काका, आता कनाला काडताव हे? मेलेलं मानूस परत येतंय काय?" मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना पुढं बोलू द्या." ती इतक्या हळू बोलली की तो खरंच गप्प झाला.

माझं सांगून झाल्यावर म्हातारीनं नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "मना बोलली होती ती. नलाला मुंग्या येतात, आत्या. मी बोल्ली, तुना कामाचा कंटाला." आणि मुलाकडे न बघता, "तुना ठाव होता न् तू मना बोलू दिलास. सगल्यांना मी सांगत बसली."

थोरला उठून बाहेर अंगणात गेला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता लाद्यांवर उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मुलगी आजीच्या पायाशी बसली, पण तिला हात लावला नाही.

मला बस थांब्यापर्यंत सोडायला ती आली. म्हणाली, तिचं घर दुसरा वायरमन करेल. मग म्हणाली, "हे सगळं लिहा. आई काय म्हणाली होती ते पण लिहा, बाजारातलं. नाव घालू नका, तिचं नाव गावानं खूप वापरलंय. लिहून मला द्या. पोलिसांत द्यायचं की गावात वाचून दाखवायचं, ते मी ठरवीन. बाबांचं पण आहे त्यात, मला विचार करायला वेळ लागेल."

मी विचारलं, मोटारीच्या बटणाचं काय करणार?

"दारामागं घेणार आहे," ती म्हणाली. "मी लावीन."

लिहून झालंय. उद्या टपालानं न पाठवता स्वतः नेऊन देईन. मी घर सोडून कुठं जाणार नाही, हे तिला सांगितलं आहे. तिनं जे ठरवलं असेल ते घेऊन कुणीही आलं तरी दार मीच उघडीन.